डाव्या हाताला न कळू देता

मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन पाचव्या अध्यायापासून सातव्यापर्यंत चालतं. पाचव्यात येशू म्हणतो, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. त्यांनी तुमची चांगली कामं पाहावीत आणि तुमच्या स्वर्गातल्या बापाचं गौरव करावं. सहावा अध्याय सुरू होतो न होतो तोच तो सांगतो, दानधर्म करशील तेव्हा तुझा उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नकोस. शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलच्या वर्गात, ही दोन्ही वचनं आम्ही एका दमात पाठ म्हणायचो. त्यांचं आपसात पटत नाही असं तेव्हा मनातही आलं नाही. संसार, नोकरी, शेजार सुरू झाल्यावर मात्र हा प्रश्न रोजचा झाला. ख्रिस्ती माणसाचं चांगलं वागणं चारचौघांत दिसावं की झाकलेलं राहावं? दाखवायला गेलं की त्यात मिरवणं येतं. आणि झाकूनच ठेवायचं तर शेजाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, या विषयावर बोलणं निघालं की साक्षीवर येऊन थांबतं. उपासनेत कुणीतरी उठतं, आजारातून कसं बरं वाटलं, अडलेलं काम कसं झालं हे सांगतं आणि खाली बसतं. त्या साक्षींचं मोल मी कमी मानत नाही. सांगणाऱ्याचं मन मोकळं होतं, ऐकणाऱ्याला धीर येतो. पण आपल्या विश्वासाने आपल्या शेजारच्या माणसाचं काही भलं होतं का, हा प्रश्न उपासना संपून चपला घालून बाहेर पडल्यावर सुरू होतो. त्याचं उत्तर मला प्रवचनांपेक्षा काही माणसांचं काम बघून मिळालं. त्यातली बरीचशी माणसं माझ्याच नगर जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधली. इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. त्यामुळे ख्रिस्ती माणूस आमच्याकडे नवलाचा नाही. गावोगाव मंडळ्या आहेत, ना. वा. टिळकांची भजनं टाळ-पेटीवर म्हणणारे म्हातारे आहेत, आणि आजूबाजूच्यांना आमची माणसं कशी वागतात हे चांगलं ठाऊक आहे. लपून राहायला जागा नाही, एका अर्थाने बरंच आहे.

माझी मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. रिटायर झाल्यावरही गल्लीतली माणसं तिच्याकडे यायची. कुणाचं बीपी बघायचं, कुणाचे टाके सुकलेत का बघायचे, कुणाला मोठ्या डॉक्टरकडे जायची भीती वाटते म्हणून सोबत जायचं. हे सगळं ती कुरकुर न करता करायची, पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. गल्लीत एक काकू होत्या, त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. दाखवायला उशीर झाला, गाठ फुटली आणि उघडी जखम झाली. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. त्या जखमेला इतका वास यायचा की घरातल्यांनी काकूंची खाट मागच्या पडवीत नेली होती. जेवणाचं ताट उंबऱ्यापाशी ठेवलं जाई. घरची माणसं वाईट नव्हती. भ्यायलेली होती, आणि काय करायचं हे कुणी त्यांना दाखवलं नव्हतं.

मावशी रोज सकाळी जाऊ लागली. कोमट मिठाच्या पाण्याने चिकटलेली पट्टी आधी भिजवायची, ती ओढायची नाही. पट्टी सुटली की जखम धुवायची. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कागदात गुंडाळून लाटण्याने बारीक करायची आणि ती पूड जखमेवर भुरभुरायची. त्याने वास पुष्कळ कमी होतो. मग स्वच्छ गॉज, त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या उकळून वाळवलेल्या घड्या. या सगळ्या वेळात ती काकूंशी बोलत राहायची. कोथिंबीर काय भावाने मिळाली, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं. काकूंकडे बघून बोलायची, जखमेकडे बघून नाही.

काकूंची सून दारात उभी असायची, नाकाला पदर लावून. मावशीने तिला कधी एका शब्दाने टोचलं नाही. सासूची सेवा कर असं सांगितलं नाही, आमच्यात असं शिकवतात असंही सांगितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "धर गं जरा हा ट्रे, माझे हात भरलेत." सून आत आली, ट्रे धरला. दुसऱ्या दिवशी गॉज कापून दे म्हणाली. पुढे एकदा, "आज माझा अंगठा दुखतोय, पट्टी तू भिजव, मी सांगते." थोड्या दिवसांत सूनच सगळं करू लागली आणि मावशी मोड्यावर बसून फक्त बघू लागली. काकू जायच्या आधी त्यांची खाट पुन्हा पुढच्या खोलीत आली होती. ती सूनबाई आता पन्नाशीच्या आहेत. गल्लीत कुणाला पाय सडल्याची, पाठीला जखम झाल्याची अडचण आली की लोक त्यांना बोलावतात. त्या एकादशी करतात, पंढरीला जातात. चर्चमध्ये त्या एकदाच आल्या, मावशीच्या अंत्यविधीला.

त्या ट्रेने मला दोन्ही वचनांचा मेळ घालून दिला. मावशीचं काम सुनेला दिसलं, पण दिसावं म्हणून तिने केलं नव्हतं. आणि दिसलं तेही एवढ्याचसाठी कामी आलं, की दुसऱ्या बाईला ते करता यावं. उजेड पडला तो कामावर. मावशीच्या तोंडावर पडला नाही, आणि तिला तो तिथे नकोच होता.

हे सुचल्यावर मी जुन्या गोष्टींकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली एकटी मुंबईला आली. लग्न केलं नव्हतं. एकट्या बाईने परक्या मुलखात मिशनचं काम करायला जावं हे तिच्या देशातही नवलाचं होतं. १८३९ साली ती नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली नगरमध्येच वारली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपल्याकडच्या मुलींसाठी हे आपणच करायला हवं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यात नगरच्या फरारबाईंचा वाटा होता. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

फुले दांपत्याने बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीरावांनी आपला निर्मीक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, आपल्या बुद्धीने शोधला, १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. मंडळीच्या नोंदवहीत फरारबाईंच्या या कामाची एक ओळही सापडायची नाही, कारण त्या वहीत बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहितात. पण आज माझ्या गावची पोर एसटीचा पास काढून कॉलेजला जाते, तिच्या त्या वाटेत कुठेतरी नगरच्या एका शाळेचा वर्ग आहे. फरारबाईंनी तो वर्ग नीट चालवला, आणि पाहायला आलेल्या तरुणाला पाहू दिला. एवढं तिच्या हातात होतं. पुढे काय घडवायचं ते जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी ठरवलं, आणि शेणाचे गोळेही त्यांनीच झेलले. त्याचं श्रेय मिशनकडे ओढणारी भाषणं मी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. बी कुणाचं याचा हिशेब मागणारा माणूस सहावा अध्याय विसरलेला असतो.

पण या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण माझ्यासाठी जामखेड आहे, आणि त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्या मंडळ्यांतल्या तरुणांनाही ते फारसं माहीत नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. तिथेच त्यांना डॉ. मेबल भेटल्या. दोघांनी लग्न केलं ते खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं असं ठरवून. साठच्या दशकात ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. दवाखाना उत्तम चालत होता, खाटा भरलेल्या असायच्या. पण बरं होऊन गेलेलं मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने परत यायचं. ती आई, ते पाणी, ती उपासमार, काहीच बदललेलं नसायचं. बहुतेक आजार खाटेवर येण्याआधीच गावात अडवता येण्यासारखे होते. दवाखान्यात बसून ते जमणार नव्हतं. दोघं अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली जामखेडला येऊन राहिले. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दक्षिणेकडचं टोक, बीडच्या सीमेला लागलेलं, कायम पाण्याला आसुसलेलं. तिथे जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या जागेत त्यांनी सुरुवात केली.

दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. लोकांना औषधाच्या आधी पाणी हवं होतं. हातपंप बसवायचं ठरलं. पंप कुठे बसवायचा हा कुठल्याही गावात मोठा प्रश्न, आणि त्या काळात तर फारच मोठा. विहिरीवर कुणाची सावली पडते यावरून माणसं मारली जात होती. आरोळ्यांनी पंपांच्या जागा मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. बाकी काही केलं नाही. अस्पृश्यता पाप आहे यावर व्याख्यान दिलं नाही. उन्हाळा होता, विहिरी आटल्या होत्या, पाणी महारवाड्यातल्या पंपाला होतं. पाटलाच्या घरच्या बायांना हंडा घेऊन तिथे जावं लागलं, रांगेत उभं राहावं लागलं. ज्या बाईच्या आधी नंबर लावायचा तिच्याशी चार शब्द बोलावे लागले. येशूनेही एकदा भर दुपारी विहिरीपाशी एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागितलं होतं, जिच्या हातचं पाणी त्याच्या जातीचा माणूस पीत नसे. योहानाच्या चौथ्या अध्यायातली ही गोष्ट. ती मी पन्नास वेळा ऐकली असेल, पण जामखेडचे पंप कळल्यावर पहिल्यांदा उमगली.

मग प्रश्न आला गावात कोण राहणार याचा. शिकलेली नर्स खेड्यात टिकेना, आणि टिकली तरी गावच्या बाया तिच्यापाशी मोकळेपणी बोलेनात. तेव्हा एका सरपंचानेच सुचवलं की गावचीच एखादी बाई घ्या आणि तिला शिकवा. अशा रीतीने ग्राम आरोग्य सेविका उभी राहिली. गावाने निवडलेल्या बाया, त्यातल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या, एका पंगतीत जेवायच्या, एका ओळीत झोपायच्या. सुरुवातीला ते सोपं गेलं नाही. पंगतीत शेजारी कोण बसलंय हे बघून घास अडकणाऱ्या बाया त्यांतही होत्या.

शिकवणं सुरू व्हायचं ते नाव विचारून. तुझं नाव काय? बाया सांगायच्या, अमक्याची आई. तमक्याच्या घरातली. स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायची कुणाला सवयच नव्हती. मग ते नाव आधी घ्यायला लावायचं, पुन्हा पुन्हा, सगळ्यांसमोर. मेबलबाई हे किती चिकाटीने करून घेत असत याच्या आठवणी जामखेडच्या सेविका सांगत आल्या आहेत. गरोदर बाईने कमी खाल्लं तर मूल लहान राहून सुटका सोपी होते, बाळंतिणीचं पहिलं दूध टाकून द्यायचं, गोवर म्हणजे देवीचा कोप: अशा समजुती ज्या बायांच्या घरात पिढ्यान्पिढ्या होत्या त्याच बायांनी त्या मोडायच्या होत्या. ज्या बाईला आपलं नाव मोठ्याने घेता येत नाही, ती सासवांच्या घोळक्यात उभी राहून "हे दूध टाकू नका" असं कसं म्हणणार? म्हणून औषधांच्या आधी नाव.

याचं फळ आकड्यांत दिसतं. काम सुरू झालं तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वर्षात दगावत. पुढच्या काही दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७८ साली आल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत सगळ्या जगासाठी प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली, तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांकडे बोट दाखवता येत होतं त्यांत जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम थांबलं नाही.

१९८८ साली जामखेडच्या सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला एका आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठी झुंबरं होती. त्यांनी त्यांच्याकडेच बोट केलं. झुंबरं फार सुंदर आहेत, पण ती बघायला हजारो मैल यावं लागतं. फार महाग, बिघडलं तर जाणकार माणूस लागतो. माझ्या हातातला दिवा साधा आहे, पण त्याच्यावरून दुसरा दिवा लावता येतो. डॉक्टर झुंबरासारखे आहेत आणि आमच्यासारख्या बाया या दिव्यासारख्या, अशा अर्थाचं त्या बोलल्या. ज्यांनी त्यांना शिकवलं ते दोघं डॉक्टर होते, म्हणजे झुंबरांच्या बाजूचे. आपणच शिकवलेली बाई सातासमुद्रापार आपल्याविषयी असं निर्भयपणे बोलते, याहून मोठा मान एखाद्या शिक्षकाला काय मिळणार?

आपण हे येशूच्या शिकवणीतून करतो हे आरोळ्यांनी कधी लपवलं नाही. पण औषधाला, पाण्याला, शिकण्याला धर्माची अट नव्हती. इथे मला एका अवघड गोष्टीकडे यायला हवं. ख्रिस्ती माणसाने महाराष्ट्रात सेवा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच दुसरा शब्द येतो, धर्मांतर. त्यावर रागावून उपयोग नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी ते मोठं धाडसाचं काम होतं. पण काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ साली मोठा गदारोळ होऊन पालकांनी मुली काढून नेल्या. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच वावरल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या, त्यांना वाढवलं, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाईंविषयी माझ्या मनात निव्वळ आदर आहे. कुणी उचलायला तयार नव्हतं त्या मुली त्यांनी उचलल्या. तरी ज्या घरांतून १८९३ साली मुली काढून नेल्या त्या घरांची भीतीही मला समजते. ज्याच्या हातात भाकरी आहे त्याचा शब्द भुकेल्याला नुसता शब्द म्हणून ऐकू येत नाही. त्यात हुकूम ऐकू येतो. म्हणून भाकरी देणाऱ्याने आपल्या तोंडावर जास्त लक्ष ठेवायचं असतं.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येशूला लांबून हाका मारतात. तो दहाही जणांना बरं करतो. एकच परत येतो, पायाशी पडतो, आणि तो शोमरोनी असतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलेलं त्या प्रश्नात कळतं. पण नऊ जणांच्या अंगावरचे चट्टे परत आले असं लूकने लिहिलेलं नाही. ते बरे झालेलेच राहिले. घरी गेले, बायकापोरांना भेटले, कामाला लागले. ज्यांनी मागे वळून पाहिलं नाही त्यांचंही बरेपण येशूने काढून घेतलं नाही. ख्रिस्ती माणसाच्या मदतीची रीत यापेक्षा वेगळी असेल तर ती त्याची नव्हे, असं मी मानतो. ज्याला ख्रिस्त हवासा वाटेल त्याच्यासाठी दार उघडं आहे, आणि तो आला तर मला आनंदच आहे. तो मी लपवणार नाही. पण तो आनंद मिळावा म्हणून मी कुणाच्या आजारपणात जायचं नाही.

मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगून झाल्या की एक अडचण होते. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आरोळ्यांसारख्यांचं काम, आपण कुठे डॉक्टर आहोत. आमच्या मंडळीत एक ठेकेदार आहेत, घरबांधणीचं काम करतात. प्रार्थना करायला सांगितली तर दोन वाक्यांत आटपतात, मंडळीच्या कमिटीवर कधी आले नाहीत. त्यांच्या साईटवरच्या गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना शनिवारी दिवस मावळायच्या आत पगार मिळतो. पूर्ण, रोख, मोजून. मालकाने त्यांचं बिल अडकवलेलं असो, नसो. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात लिहिलं आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नकोस. त्यांनी ते जसंच्या तसं धरलं आहे. बांधकामात ज्यांचं कुणी आहे त्यांना कळेल हे किती कठीण असतं. बाकीच्या साईटवर उचल देऊन मजूर बांधून ठेवायचा, दोन आठवड्यांचा पगार मागे ठेवायचा, म्हणजे तो पळत नाही, अशी रीत आहे. एका वर्षी पावसाळ्यात त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून शनिवार काढले. हे त्यांनी सांगितलं नाही, पाटल्या ठेवून घेणाऱ्या सोनाराकडून कळलं. त्यांच्या हाताखाली मिस्त्री झालेल्या एकाने पुढे स्वतःची टोळी उभी केली. तो हनुमानाचा भक्त, शनिवारचा उपास धरतो. त्याच्या टोळीतही शनिवारीच पगार होतो, आणि कुणी कारण विचारलं तर म्हणतो, आमच्या शेठकडे असंच होतं.

माणसाची खरी साक्ष अशा ठिकाणी तपासायची असते. मंडळीत कोण किती भक्तिवान हे मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला विचारा. तिचा पगार कधी होतो, आजारी पडली तर खाडा कापतात का, चहा वेगळ्या कपात मिळतो का. वेगळ्या कपाची गोष्ट मी सहज लिहिलेली नाही. ख्रिस्ती घरांतही जात जेवणघरापर्यंत येते, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर मंडळीत फार थोडं बोललं जातं. जामखेडच्या पंगतीने जे केलं ते आपल्या ओट्यावर होत नसेल, तर बाहेर उजेड पाडायची घाई आपण करू नये.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. हल्लीचं वातावरण बघता ऑफिसात आपण ख्रिस्ती आहोत हे सांगावं की नाही, असं तो मागे विचारत होता. नावावरून कळत नाही, त्यामुळे सुटतो. मी काही सल्ला दिला नाही, त्याचं त्याला कळतं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या टीममधल्या एका मुलाच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. तो मुलगा विदर्भातला, पुण्यात त्याचं कुणी नाही. भाचा पाळी लावून रात्री दवाखान्यात बसला. आयसीयूच्या बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. विमा कंपनीचे फॉर्म भरले, घरी सोडल्यावर फिजिओथेरपिस्ट शोधून दिला. आता तो मुलगा त्याला विचारतोय, तू दर रविवारी सकाळी फोन बंद करून कुठे जातोस रे?

भाच्याने मला फोन केला. "मामा, काय सांगू?"

"खरं ते सांग. चर्चला जातो म्हण."

"आणि मी पण येऊ का म्हणाला तर?"

"ये म्हण. मागच्या बाकावर तू त्याच्याशेजारी बस. दानाची थैली फिरते तेव्हा त्याने काही घालायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेव. नाहीतर बिचारा खिसे चाचपत बसेल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "आणि त्याने विचारलं की माझ्या बाबांसाठी तू एवढ्या रात्री का जागलास? तो विचारणार आहे मामा, मला माहीत आहे. मग काय, प्रवचन देऊ?"

मी त्याला पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय काढायला सांगितलं. तुमच्यात जी आशा आहे तिच्याबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने, असं पेत्र लिहितो. विचारलं तर. आणि पेत्र हे लिहितोय ते छळ सोसणाऱ्या लोकांना, सुखवस्तू मंडळीला नाही.

"म्हणजे सांगू?"

"सांग ना. तुला येशूबद्दल जे वाटतं ते तुझ्या शब्दांत सांग, पाळकसाहेबांच्या नको. त्याला नाही पटलं तर नाही पटलं, चहा पाजून घरी सोड. आणि हे बघ, आधी त्याच्या वडिलांचं विचार. रक्त पातळ व्हायची गोळी वेळेवर घेतात का ते बघ. बरं वाटायला लागलं की माणसं पहिली तीच बंद करतात."